प्रॉपर्टी एजंटांनो, सीआरएम घ्यायच्या आधी एक शीट नीट लावा

प्रॉपर्टीच्या कामात सॉफ्टवेअर म्हटलं की सगळे आधी सीआरएमचा (म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी आणि फोन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेमो बघतात, वर्षाचे पैसे भरतात आणि थोड्याच दिवसांत परत वहीवर येतात. पार्टीला तुमचं सॉफ्टवेअर दिसत नाही हो, तिला एवढंच कळतं की आपण सांगितलेलं यांच्या लक्षात आहे का आणि म्हटल्या दिवशी फोन आला का. म्हणून सुरुवात गुगल शीटपासून करा, फुकट आहे आणि मोबाईलवरही चालतं.

एका पार्टीला एक ओळ. नाव, नंबर, बजेट, एरिया, किती रूम, कधीपर्यंत हवंय, आणि एक कॉलम "काय नको" असा. हा बहुतेक जण ठेवतच नाहीत आणि खरं काम तिथेच होतं, "लिफ्ट नसेल तर वरचा मजला नको, आईचे गुडघे दुखतात" हे एकदा लिहून ठेवलं की बिनालिफ्टच्या चौथ्या मजल्याचे फोटो पाठवून हसं होत नाही. मग "पुढचा फोन" हा कॉलम, त्यात तारीखच टाकायची, "नंतर बघू" वगैरे नाही. त्याला कंडिशनल फॉरमॅटिंग लावा (अट जुळली की रकान्याचा रंग आपोआप बदलतो), "डेट इज बिफोर" निवडा, पुढे "टुडे", रंग लाल. सकाळी शीट उघडली की राहिलेले फोन लाल दिसतात, फोन झाला की लगेच नवीन तारीख. पार्टीने दुसरीकडे घेतलं तरी ओळ डिलीट करू नका, वेगळ्या टॅबमध्ये टाका, उद्या तीच पार्टी विकायलाही येऊ शकते.

व्हॉट्सॲप बिझनेस तर हवंच. लेबलं लावा (नवीन, साइट बघितली, टोकन दिलं), नेहमीच्या उत्तरांना क्विक रिप्लाय करा. ब्रॉडकास्टचा (एकच मेसेज एकदम अनेकांना) मात्र फार भरवसा नको, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. आणि फोटो साधे पाठवले की दाबले जाऊन क्वालिटी उतरते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वाइड लेन्सने छोटी खोली हॉलएवढी दाखवायचा मोह आवरा, पार्टी दारात उभी राहिली की तोंड पडतं आणि तिथून पुढे तुमचं काहीच खरं वाटत नाही. लांबच्या पार्टीसाठी मॅटरपोर्टसारखी ३६० डिग्री टूर भारी, पण रोजच्या घरांना दारापासून बाल्कनीपर्यंत न कापलेला एक व्हिडिओ पुरतो.

साइट व्हिजिट गुगल कॅलेंडरमध्ये टाकून पार्टीला इन्व्हाइट पाठवा, लोकेशनसकट, म्हणजे "कुठून वळायचं" चे फोन वाचतात.

हप्त्याचं गणित तोंडी सांगू नका. शीटमध्ये पीएमटी फॉर्म्युला आहे, त्यात महिन्याचा दर, एकूण महिने आणि कर्जाची रक्कम मायनस लावून टाकायची. ९ टक्के आणि २० वर्षं असेल तर ०.७५ टक्के आणि २४० महिने. लोक इथे वर्षाचाच दर टाकतात आणि मग हप्ता बघून पार्टीला घाम फुटतो.

कागदपत्रांसाठी प्रत्येक पार्टीचं ड्राइव्हवर वेगळं फोल्डर, शेअरिंग फक्त तिच्या ईमेलला, "लिंक असलेला कोणीही" कधीच नाही, त्यात लोकांची ओळखपत्रं असतात राव. डॉक्युसाइनसारखी ई-सही कुठल्या कागदाला चालते ते आधी वकिलाला विचारा.

सीआरएम कधी घ्यायचं? ऑफिसात दोघं-तिघं झालात आणि एकाच पार्टीला दोघांचे फोन जायला लागले की घ्या. फक्त ट्रायलमध्येच सगळा डेटा सीएसव्ही फाइलमध्ये (जी कुठल्याही शीटमध्ये उघडते) बाहेर काढून बघा, निघत नसेल तर पैसे भरू नका.