नेपाळ यात्रेत चुकण्याची धास्ती? खिशात चिठ्ठी ठेवा

ग्रुपबरोबर पशुपतिनाथ-मुक्तिनाथला निघालेल्या आईला एकच घोर होता: गर्दीत चुकले तर?

१. नेपाळीची लिपीही देवनागरीच, म्हणून चिठ्ठी आपल्याच अक्षरात लिहा: नाव, हॉटेल, टूर मॅनेजरचा ९७७ ने सुरू होणारा नंबर. तिथला कोणीही वाचू शकतो. मुक्काम बदलला की त्याच संध्याकाळी नवी चिठ्ठी. हे मात्र विसरू नका, जुन्या हॉटेलचा पत्ता घोटाळा करतो.

२. खोलीतल्या जोडीदारणीशी निघण्याआधीच दोनदा फोनवर बोला. आईची निम्मी भीती इथेच गेली.

३. मूळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, आधारवर विसंबू नका.

मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असेल तर पैसे भरण्याआधी डॉक्टरांना विचारा.