पाण्याखालचा फिलेट वेल्ड: लेगचा आकार आणि खरी ताकद

पाण्याखालील वेल्डिंग शिकायला आलेल्या मुलांना मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो: गेजवर दिसणारा आकार म्हणजे वेल्डची ताकद नव्हे. फिलेट म्हणजे काटकोनात भेटणाऱ्या दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी वेल्ड. गेज, म्हणजे आकार मोजायची पट्टी, लावतात लेगला, म्हणजे त्या त्रिकोणाच्या प्लेटला लागून असलेल्या बाजूला; पण भार सोसतो थ्रोट, म्हणजे रूटपासून (आतल्या कोपऱ्यापासून) वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतचे सर्वांत कमी अंतर. दोन्ही लेग सारखे असतील, तर थ्रोट लेगच्या सुमारे ०.७ पट भरतो. ८ मिलीमीटर लेगला साधारण ५.६ मिलीमीटर. वर आलेला फुगवटा हिशेबात धरत नाहीत.

हा हिशेब प्लेटा नीट टेकलेल्या असतील तरच खरा. दुरुस्तीच्या कामात जुन्या, गंजलेल्या पोलादावर नवी प्लेट बसवताना फट राहतेच, आणि ३ मिलीमीटर फट असली तर ८ मिलीमीटरचा लेग प्रत्यक्षात ५ मिलीमीटरच्या लेगइतकेच काम करतो. थ्रोट ५.६ वरून ३.५ वर येतो, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक ताकद जाते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून रॉड (वेल्डिंगचा इलेक्ट्रोड) पेटवण्याआधी फट मोजून घ्यावी. ती कमी करता येत नसेल, तर तेवढा लेग वाढवावा लागतो.

पण लेग वाढवणे स्वस्त नाही. लेग ६ चा १२ केला तर ताकद दुप्पट होते, मात्र लागणारी धातू चौपट होते. पाण्यात प्रत्येक वाढीव पास, म्हणजे वेल्डचा आणखी एक थर, म्हणजे गढूळपणात हाताने चाचपत स्लॅग (वर साचलेली मळी) काढणे आणि बीड, म्हणजे वेल्डची रेघ, थांबण्या-सुरू होण्याच्या आणखी जागा, जिथे दोष राहण्याची शक्यता अधिक असते. जागा असेल तर वेल्डची लांबी वाढवणे मला नेहमीच अधिक योग्य वाटते.

आकार अचूक साधला, तरी पाणी आपला वाटा घेतेच. आर्कच्या उष्णतेने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो, आणि भोवतालच्या पाण्यामुळे जोड झपाट्याने थंड होऊन त्यालगतचे पोलाद कडक व ठिसूळ बनते. कार्बन इक्विव्हॅलंट (पोलादातला कार्बन व इतर मिश्रधातू मिळून ते किती कडक होईल हे सांगणारा आकडा) ०.४० च्या वर गेले की साध्या फेरिटिक, म्हणजे नेहमीच्या पोलादी, इलेक्ट्रोडने तडे जाण्याचा धोका बराच वाढतो, आणि असे तडे वेल्ड झाल्यानंतर काही तासांनीही उमटू शकतात. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एक वातावरणाइतका दाब वाढतो आणि खोलीबरोबर धातूतली छिद्रेही वाढतात. त्यामुळे ताणशक्ती बऱ्यापैकी टिकली, तरी लवचिकता, म्हणजे न तुटता वाकण्या-ताणण्याची क्षमता, जमिनीवरच्या वेल्डच्या तुलनेत बरीच घटते.

सरावाची प्लेट तोडल्याशिवाय शिक्षण पूर्ण होत नाही, असे माझे ठाम मत आहे. एकाच बाजूने केलेला फिलेट हातोड्याने वाकवून तोडावा आणि तुटलेला पृष्ठभाग उजेडात धरावा. रूटच्या कडेने स्लॅगची काळी रेघ दिसली तर करंट, रॉडचा कोन किंवा पुढे सरकण्याचा वेग चुकला आहे. छिद्राभोवती चकाकणारे गोल डाग म्हणजे हायड्रोजनची खूण.

अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी३.६ या संहितेत पाण्याखालील वेल्डचे ए, बी आणि ओ असे वर्ग आहेत; जुन्या आवृत्त्यांत सी हाही वर्ग होता. ए वर्गाकडून जमिनीवरच्या वेल्डशी तुलना होईल अशा गुणधर्मांची अपेक्षा असते, तर सी वर्ग भार वाहणे हा मुख्य हेतू नसलेल्या जोडांसाठी होता. पाण्यात उतरण्याआधी सुपरवायझरला वर्ग आणि लेग दोन्ही विचारावेत, आणि वर आल्यावर मोजलेला लेग व आढळलेली फट नोंदवहीत शेजारी शेजारी लिहावी.