बीटा-ब्लॉकर सुरू झाली? पहिले तीन महिने असे सांभाळा

नागपूरच्या मेडिकल चौकाजवळ माझं औषधांचं दुकान आहे. हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय कमजोर झालेले पेशंट डिस्चार्जचा कागद घेऊन काउंटरवर येतात, औषधं नेतात. त्यातलेच काही पंधरा-वीस दिवसांनी परत येतात. "ताई, हे गोळी खाऊन तर मी अजूनच थकून राहिलो. बंद करू का?" गोळी बहुतेक वेळा कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल नाहीतर मेटोप्रोलॉल असते, म्हणजेच बीटा-ब्लॉकर. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका, एवढं सांगेपर्यंत मागे रांग लागते. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

थकवा का येतो ते आधी समजून घ्या. कमजोर हृदय रक्त कमी फेकतं, तेव्हा शरीर ॲड्रेनालिनसारखी रसायनं वाढवून त्याला पळवत राहतं. दमलेल्या बैलाला तुतारी (टोकदार काठी) टोचून नांगर ओढवून घ्यावा, तसं. थोडे दिवस काम निघतं. पण हा मारा महिनोन् महिने चालला की स्नायूंच्या पेशी मरतात, डावा कप्पा फुगत जातो, ठोक्यांची लय बिघडते आणि माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. बीटा-ब्लॉकर ही टोचणी अडवते. ठोके संथ होतात, दोन ठोक्यांमध्ये हृदयाला भरायला आणि स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून रक्त घ्यायला वेळ मिळतो. मात्र टोचणी थांबली की सुरुवातीला जोरही थोडा उतरतो. तो उतार म्हणजे तुमचा थकवा.

या उतारामुळेच एके काळी हार्ट फेल्युअरमध्ये ही औषधं द्यायचीच नाहीत असा नियम होता. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ पेशंटमध्ये सुधारणा दाखवली, तरी डॉक्टरमंडळींना पटायला वीसेक वर्षं गेली. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या दोन मोठ्या चाचण्या आल्या. दोन्हींत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. २००१ मध्ये कार्व्हेडिलॉलने खूपच खालावलेल्या पेशंटमध्ये ३५ टक्क्यांची घट दाखवली. हे सगळं ज्यांचं पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं ते) उतरलंय, साधारण ४० टक्के किंवा त्याखाली आहे, त्यांच्याबद्दल. पंपिंग चांगलं असूनही हार्ट फेल्युअर असलेल्यांना हे आकडे लागू नाहीत.

आता पाकीट हातात घ्या. बीटा-ब्लॉकर म्हणजे सगळ्या सारख्याच, असं नाही. शेजारच्या काकाजींना बीपीसाठी ॲटेनोलॉल चालू असेल, पण कमजोर हृदयासाठी तिचा असा पुरावा नाही. बदली म्हणून ती घेऊ नका. मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि टार्ट्रेट अशा दोन प्रकारांत येते, तिथे तर फारच गोंधळ होतो. आपल्याला हवी ती सक्सिनेट, हळूहळू सुटणारी. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात "मेटोप्रोलॉल सक्सिनेट २३.७५ मिग्रॅ, म्हणजे मेटोप्रोलॉल टार्ट्रेट २५ मिग्रॅइतकं" अशा अर्थाची ओळ असते. लोक तिथे टार्ट्रेट वाचून घाबरतात, चुकीची दिली म्हणतात. ओळीत पहिलं नाव सक्सिनेट असेल तर गोळी बरोबर आहे. नुसतं टार्ट्रेट लिहिलं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा. ही हळू सुटणारी गोळी कुटू नका, चावू नका. मधे रेघ असेल तर तिथून अर्धी करता येते. कार्व्हेडिलॉल दिवसातून दोनदा आणि जेवणासोबत घ्यायची. उपाशी पोटी घेतली तर उठताना भोवळ येते.

डोस मुंगीच्या पावलांनी वाढतो. कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिग्रॅपासून, बिसोप्रोलॉल १.२५ मिग्रॅपासून. साधारण दर दोन आठवड्यांनी, झेपत असेल तरच, दुप्पट. जायचं असतं कार्व्हेडिलॉल २५ दोनदा, बिसोप्रोलॉल १० किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट २०० पर्यंत. सगळे तिथवर पोहोचत नाहीत, पण जेवढा झेपेल तेवढा डोसही कामाचा. डोस बदलला की जुन्या पट्टीला रबर लावून वेगळी ठेवा. ६.२५ च्या जागी जुन्या दोन गोळ्या घ्यायची सवय लागलेली असते, आणि नवीन पट्टी आली की हात आपोआप दोनच काढतो.

रोजचं काम एका वहीत करा. सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन. मग पाच मिनिटं बसून मनगटावर नाडी, पूर्ण एक मिनिट. मग बीपी. तीन दिवसांत वजन दोन किलोच्या वर गेलं, नडगी दाबल्यावर खड्डा राहू लागला, झोपताना एक उशी जास्त लागू लागली, तर अंगात पाणी साठतंय. त्याच दिवशी फोन करा. अशा वेळी डॉक्टर बहुतेकदा आधी लघवीची गोळी वाढवतात, बीटा-ब्लॉकर लगेच काढत नाहीत. नाडी ५० च्या खाली गेली आणि सोबत चक्कर असेल, तरी फोन. बसल्या जागी धाप लागली किंवा शुद्ध गेली तर फोनची वाट पाहू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

नुसता थकवा असेल, वजन स्थिर असेल, तर तग धरा. दुपारी आडवं व्हा, पण संध्याकाळी अंबाझरीकडे किंवा घरासमोरच चार पावलं चालाच.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. घामाने अंगातलं पाणी जातं, वर लघवीची गोळी चालू, वर ही. बीपी पार खाली येतं. कूलरसमोरून झटकन उठू नका, आधी पाय खाली सोडून बसा. पाणी किती प्यायचं ते एप्रिलमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि ओआरएस सरबतासारखं पीत बसू नका, त्यात मीठ असतं. सावजी रस्सा आणि लोणच्याचंही तेच.

मधुमेह असेल तर एक लक्षात घ्या. साखर उतरली की जी धडधड व्हायची, ती आता जाणवणार नाही. घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा. दम्याचा त्रास असेल किंवा काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, डोळ्यातले थेंबही अंगात उतरतात. हिवाळ्यात हातपाय गार पडतील, मोजे घाला. पुरुषांना शारीरिक संबंधात अडचण आली तर ती चोरून सहन करू नका, त्यावर उपाय निघतो. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक माझ्याकडे मागू नका. अंगात पाणी साठवते, मी देत नाही.

एखादा डोस चुकला तर आठवल्यावर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, पण दोन एकदम नाही. गोळ्या संपू देऊ नका. अचानक बंद केली तर अडवून धरलेला मारा हृदयावर एकदम तुटून पडतो. दिवाळीत गावाला जाताना जास्तीची पट्टी बरोबर ठेवा. दात काढायचा असो की ऑपरेशन, गोळी चालू आहे हे सांगा आणि ती कोणाच्या सांगण्यावरून थांबवताय ते स्वतःच्या डॉक्टरांना कळवा.

तीन ते सहा महिन्यांनी परत टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होते. जुना रिपोर्ट सोबत न्या. पंपिंगच्या टक्क्यासोबत डाव्या कप्प्याचं मापही पडताळून बघा. तो आकसला असेल तर औषध लागू पडतंय. काहींचं पंपिंग पार नॉर्मलला येतं, आणि मग "आता बरा झालो ना ताई, गोळी कशाला?" हा प्रश्न येतो. इंग्लंडमध्ये अशाच सुधारलेल्या पेशंटची औषधं देखरेखीखाली कमी करत थांबवून पाहिली. सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के लोकांचा आजार परत आला. तेव्हा रिपोर्ट छान आला तर घरात पेढे वाटा, आणि पुढच्या महिन्याची पट्टी घेऊन जा.