पाणी उपसायचा पेट्रोलचा पंप कसा चालवावा, कसा सांभाळावा

आमची इमारत हिंदमाताच्या (दादर-परळकडचा, पावसात तुंबणारा सखल भाग) मागच्या गल्लीत आहे, एवढं सांगितलं की मुंबईकराला पुढचं सांगावं लागत नाही. बांधली तेव्हा दोन पायऱ्या चढून आत जावं लागायचं, असं वडील सांगत. मग रस्ता डांबराच्या थरांनी वर वर येत गेला आणि आता आम्ही दोन पायऱ्या उतरून घरात शिरतो. रस्त्यावर घोटाभर पाणी असलं की इमारतीच्या आतल्या चौकात गुडघाभर. तळमजल्यावर मीटरची खोली, टाकीची मोटर आणि दोन बिऱ्हाडं.

२६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, आम्ही बादल्यांनी पाणी उपसत होतो. नंतरच्या सभेत पंप घ्यायचं ठरलं. विजेचा की पेट्रोलचा, यावर दोन तास गेले. शेवटी तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, ‘‘पाणी भरलं की आधी लाइट बंद करायची, मग तुमचा विजेचा पंप काय उदबत्तीवर चालणार?’’ पेट्रोलचा आला. मी तेव्हा एका कारखान्यात फिटर होतो, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. अजून तिथेच आहे. पोरं त्याला गणपती म्हणतात: वर्षातून एकदा बाहेर येतो, दोघांनी उचलावा लागतो आणि आला की गल्लीभर आवाज.

घेताना लोक ‘किती हॉर्सपॉवर’ एवढंच विचारतात. विचारायचं ते पाणी किती आणि कुठून काढायचंय. आमचा चौक ८ मीटर बाय ६. दीड फूट पाणी म्हणजे साधारण २१ ते २२ हजार लिटर. दोन इंची पंपावर मिनिटाला ६०० लिटर वगैरे लिहिलेलं असतं, पण ते पाणी स्वच्छ, पाइप आखूड आणि चढ नसताना. मी ४०० धरतो. म्हणजे तासाभराचं काम. लहान सोसायटीला एवढं पुरतं. तीन इंची घेतलात तर उचलायला माणसं आणि ठेवायला जागा आधी बघा.

आता मांडणी. पंप पाण्यात ठेवायचा नसतो, पाण्याजवळ, उंच आणि सपाट जागेवर ठेवायचा. हे पंप पाणी वर ओढतात ते हवेच्या दाबाच्या जोरावर, त्यामुळे सात-आठ मीटरच्या वर कितीही भारी पंप असला तरी ओढत नाही. सात मीटरलाही रडतखडतच ओढतो. शक्यतो पाण्यापासून पंपाची उंची दोन-तीन मीटरच्या आत ठेवा. तिरका ठेवू नका. बऱ्याच इंजिनांत ऑईल कमी झालं की इंजिन बंद पाडणारी सोय असते. पंप कलला की तिला वाटतं ऑईल संपलं, आणि तुम्ही इंजिन सुरू करायची रस्सी खेचत बसता. आमच्याकडे एकदा वीस मिनिटं हाच खेळ झाला. शेवटी एका बाजूच्या पायाखाली फरशीचा तुकडा सारला आणि पठ्ठ्या दुसऱ्या खेचीला सुरू.

ओढणारा पाइप कडक, आत तारेचं किंवा प्लॅस्टिकचं कडं असलेलाच हवा. साधा मऊ पाइप ओढीनं चपटा होतो. बाहेर फेकायला चपटा कापडी पाइप चालतो. ओढणाऱ्या पाइपाच्या जोडाला रबरी वॉशर आहे का, क्लिप आवळली आहे का, ते दोनदा बघा. पंप चालतोय पण पाणी येत नाही, या तक्रारीत बहुतेक वेळा दोष या जोडाचा असतो. केसाएवढ्या फटीतून हवा घेतो आणि पाणी सोडतो. टोकाची जाळी थेट गाळात टाकू नका. आम्ही ती एका जुन्या प्लॅस्टिकच्या टोपलीत ठेवतो, टोपलीला सळई गरम करून भोकं पाडली आहेत. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, नारळाची शेंडी, सगळं टोपलीला अडतं.

आणि आता धूर. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

पंप घेतल्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात पाऊस आडवा मारत होता. पंप भिजू नये म्हणून आम्ही तो जिन्याखाली ठेवला. सायलेन्सरचं तोंड दाराकडे, दार सताड उघडं. मनात म्हटलं, धूर जाईल बाहेर. अर्ध्या तासानं पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वरून हाक मारली, डोकं ठणकतंय, मळमळतंय. आम्ही म्हटलं, गटाराचा वास, दुसरं काय. मग त्या म्हणाल्या, नातूही आडवा झालाय. तो पोरगा दुपारी कधी झोपत नाही, सबंध चाळीला माहीत आहे. तेव्हा माझी ट्यूब पेटली. जिना म्हणजे धुराडंच की! खालचा धूर सरळ वर. पंप बंद केला, दोघांना गच्चीवर मोकळ्या हवेत नेलं, नंतर डॉक्टरकडे. निभावलं. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, एवढ्याच त्याच्या खुणा, आणि पाणी भरलेल्या रात्री प्रत्येकाचं डोकं तसंही दुखतच असतं.

म्हणून: जिन्याखाली नाही, बेसमेंटमध्ये नाही, पार्किंगच्या छपराखाली तिन्ही बाजूंनी भिंती असतील तर तिथेही नाही. दार-खिडक्या उघड्या असल्या तरी नाही, पंखा लावला तरी नाही. दार-खिडकीपासून किमान २० फूट लांब, सायलेन्सरचं तोंड इमारतीच्या उलट दिशेला. आमच्या गल्लीत २० फूट मिळवणं म्हणजे लोकलमध्ये खिडकी मिळवणं, पण गेटाबाहेर टपरीशेजारी एक कट्टा आहे. ओढणारा पाइप लांब घेतला आणि पंप तिकडे हलवला. पावसासाठी वर छत्रीसारखं ताडपत्रीचं छप्पर करतो, चारी बाजू मोकळ्या. इंजिनावर ताडपत्री गुंडाळायची नाही, पेट घेईल.

सुरू करण्याआधी विजेचं. मीटरच्या खोलीत पाणी शिरलं असेल तर त्यात उभं राहून मेन स्विच पाडायला जायचं नाही, मग गमबूट असोत नाहीतर देवाचं नाव. आमच्याकडे शहरात बेस्टला फोन करून पुरवठा बंद करून घेतो. उपनगरात ज्यांची वीज असेल त्यांना करा. बंद झाल्याचं कळल्यावरच आत पाय.

आता सुरुवात, माझ्या क्रमानं. ऑईलची काडी बघायची. पंपाच्या डोक्यावरचं बूच उघडून आत पाणी भरायचं, काठोकाठ. हे विसरलात तर पंप कोरडा फिरतो आणि आतलं सील काही मिनिटांत जळतं. पेट्रोलचा कॉक उघडा, चोक लावा, ॲक्सिलरेटर थोडा पुढे, स्विच चालू. रस्सी आधी हळू ओढा, हाताला अडेपर्यंत. अडली की एकदम, सरळ, जोरात. मग मूठ हातानेच परत न्यायची. सोडून दिली तर ती झटका मारते आणि आतली स्प्रिंगही तुटते. इंजिन धरलं की चोक हळूहळू काढा. चार-पाच खेचींत धरलं नाही तर थांबा, खेचत सुटू नका. पेट्रोलचा वास येत असेल तर ते ओव्हर झालंय: चोक काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, पुन्हा खेचा. तरी नाही, तर स्पार्क प्लग काढून पुसा.

पाणी यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तोवर घाबरून पूर्ण वेग देऊ नका. तीन-चार मिनिटांनीही आलं नाही तर बंद करून वर सांगितलेला जोड बघा.

चालू असताना पाणी कमी झालं तर बहुतेक जाळी तुंबलेली असते. आमच्या वॉचमननं एकदा पंप चालू ठेवूनच जाळीला हात घातला. ओढीनं पंजा जाळीला असा चिकटला की सुटेना, वर पत्र्याच्या कडेनं बोट कापलं. बंद करा, मग साफ करा. आणि पंपाचं पोट उघडायची वेळ आली तर आधी प्लगची टोपी काढून बाजूला धरा. पाणी ढकलणारा आतला पंखा हातानं फिरवला तरी इंजिन फिरतं, आणि गरम इंजिन एखादा ठोका मारू शकतं.

पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड, किमान दहा मिनिटं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली सायलेन्सरपाशीच उतरते. टाकी गळ्यापर्यंत भरू नका. कॅन धातूचा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणणाऱ्याला मी गेटावरूनच परत पाठवतो. आणि पंपाभोवती बिडी-सिगरेट नाही, हे आमच्याकडे खडूनं भिंतीवर लिहावं लागतं.

उपसलेलं पाणी कुठे सोडणार? आम्ही पहिल्या वर्षी रस्त्यावर सोडलं आणि तेच पाणी गेटातून परत आत आलं. तासभर आम्ही हिंदमाताचं पाणी हिंदमातालाच पाजत होतो. समुद्राला मोठी भरती असते, साडेचार मीटरच्या वर, तेव्हा पावसाचं पाणी समुद्रात जायला वाटच नसते. म्हणून भरतीच्या वेळा घरात चिकटवून ठेवा. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते आणि भरती-ओहोटीत सहा तासांचं अंतर असतं. गेटाला वाळूच्या पोत्यांचा बांध घालायचा, ओहोटी लागली की पंप लावायचा. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा वर असेल आणि बांध नसेल तर पेट्रोल जाळू नका. आणि पाणी लवकर जावं म्हणून रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण कुणीही उचलायचं नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला इथून जवळच्याच भागात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. तेव्हापासून आमच्याकडे यावर चर्चा होत नाही.

पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. उतरलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोची (असल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) प्रतिबंधक गोळी लागते का, ते डॉक्टर सांगतील.

काम झाल्यावर सगळे चहाला पळतात. मी पंपाला दोन बादल्या स्वच्छ पाणी पाजतो, मग खालचं बूच काढून पोट रिकामं करतो. आत राहिलेला गाळ सुकला की सिमेंट होतो आणि पुढच्या वेळी पंखा हलत नाही.

खरी गोम ऑक्टोबरात आहे. पहिल्या दोन वर्षांत मी पंप तसाच, पेट्रोलसकट, झाकून ठेवला. जूनमध्ये रात्री अडीच वाजता पाणी वाढत होतं आणि मी चाळीस वेळा रस्सी खेचली. तळहाताला फोड. सकाळी कार्ब्युरेटर उघडला तर खालच्या वाटीत काकवीसारखा तपकिरी चिकटा, पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक बुजलेलं. ते भोक सुईच्या टोकाएवढंही नसतं. तारेनं खरवडू नका, मोठं होतं. कार्ब क्लीनर मारा आणि फुंका. आता तर पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि मुंबईच्या हवेत दमटपणाला काय तोटा! म्हणून गरजेपुरतंच आणा, महिन्याच्या वर साठवू नका. रबरी नळीला चीर पडली आहे का, तेही बघत राहा.

तर ऑक्टोबरात: टाकी रिकामी करा, पेट्रोल ताजं असेल तर मोटारसायकलमध्ये जिरतं. मग पंपात पाणी भरून, कॉक बंद करून इंजिन चालू करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेला थेंबही काढा. इंजिन गरम असतानाच ऑईल बदला. आमच्या इंजिनाला ०.६ लिटर, १०डब्ल्यू-३० लागतं. नवीन इंजिनाचं पहिलं ऑईल २० तासांनी, नंतर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. सोसायटीच्या पंपाचे शंभर तास काही भरत नाहीत, म्हणून आम्ही ऑक्टोबर धरतो. शेवटी रस्सी हळू ओढून हाताला अडते तिथे थांबा आणि मूठ हातानेच परत न्या. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दमट हवा आत शिरत नाही. झाकायला जुनी चादर. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो.

मे महिन्यात उलट: एअर फिल्टर झटकून घ्या किंवा बदला, प्लग काढून रंग बघा. विटकरी-बदामी असेल तर तब्येत ठीक, काळा काजळीचा असेल तर फिल्टर नाहीतर चोकची बोंब आहे. फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर. मग पिंपात पाणी भरून दहा मिनिटं चालवून बघायचं, आणि त्या दिवशी निदान तिघांना रस्सी ओढायला लावायचं, कारण पाणी भरतं तेव्हा मी गावाला असू शकतो.

प्लगचा पाना पंपालाच सुतळीनं बांधून ठेवा. आमचा गेल्या वर्षी कुणीतरी स्कूटरसाठी नेला, तो अजून आलेला नाही.