वळताना चाकाकडून येणारी खरखर: कारण कसे शोधावे आणि दुरुस्ती कशी करावी

सरळ रस्त्यावर शांत चालणारी गाडी वळताना चाकाच्या बाजूने खरखर करू लागली की पुष्कळदा अंदाजाने एखादा सुटा भाग बदलला जातो आणि आवाज मात्र तसाच राहतो. वळणावर आवाज करू शकणारे भाग पाच-सहा आहेत आणि आत बसून ऐकणाऱ्याला ते सगळे सारखेच वाटतात. म्हणून पाना हाती घेण्याआधी आवाज नेमका कोणत्या स्थितीत येतो हे ठरवावे. माझ्या मते निम्मे काम तेथेच होते.

यासाठी गाडी मोकळ्या, सपाट जागी न्यावी, काचा खाली घ्याव्यात आणि एसीचा पंखा बंद करावा. आधी गाडी उभी ठेवून, इंजिन चालू असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मग स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळवून गाडी अगदी सावकाश गोल फिरवावी, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. शेवटी रहदारी नसलेल्या रस्त्यावर ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने जाताना स्टिअरिंग हलकेच दोन्ही बाजूंना वळवून पाहावे.

गाडी उभी असतानाच आवाज आला, तर चाकाच्या बेअरिंगवरचा संशय दूर होतो, कारण चाक फिरतच नाही. स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे असेल तर इंजिन बंद करून तेलाची पातळी पाहावी. ती कमी असेल किंवा तेलात फेस असेल, तर पंपात हवा शिरून घरघर होते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरावे, पुढची चाके उचलून इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग अनेकदा सावकाश दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते, आणि तेल कोठून गळते तेही शोधावे. इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये बहुधा हे तेलच नसते. तेथे, किंवा तेल ठीक असल्यास, स्ट्रटच्या (पुढच्या चाकाजवळच्या, स्प्रिंग बसवलेल्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) वरच्या माउंटचे बेअरिंग तपासावे: दुसऱ्या व्यक्तीने स्टिअरिंग फिरवत असताना स्प्रिंगवर बाहेरून अलगद हात ठेवला आणि ती अडकून मग झटक्याने सुटताना जाणवली, तर माउंट बदलावा लागतो. स्प्रिंग दाबून धरण्याचे साधन आणि अनुभव नसेल तर हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावे, कारण दाबलेली स्प्रिंग अचानक सुटली तर जीवघेणी इजा होऊ शकते.

सावकाश पूर्ण वळणावर टक-टक असा आवाज येत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो वाढत असेल, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनाची ताकद वळलेल्या चाकापर्यंत नेणारा ॲक्सलच्या चाकाकडील टोकाचा सांधा पाहावा. त्यावरचे रबरी बूट फाटले की ग्रीस बाहेर फेकले जाते आणि रिमच्या आतल्या बाजूला काळा, चिकट पट्टा उमटतो. आवाज सुरू होण्यापूर्वी हे लक्षात आले, तर जॉइंट साफ करून नवे ग्रीस आणि नवे बूट बसवल्याने भागते. आवाज सुरू झाल्यावर मात्र झिजलेला जॉइंट ग्रीसने बरा होत नाही, जॉइंट किंवा संपूर्ण ॲक्सल बदलावाच लागतो. टायर चाकाच्या वरच्या प्लास्टिक लायनरला घासत असेल तर तेथे गुळगुळीत, चकाकणारा ओरखडा दिसतो. लायनरची निघालेली क्लिप बसवली की ते मिटते.

पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा तीक्ष्ण आवाज आला, तर ब्रेकच्या डिस्कमागील पातळ डस्ट शील्ड पाहावे. ते जरासे वाकून डिस्कला टेकते किंवा मध्ये खडा अडकतो. गाडी थोडी मागे-पुढे घेतल्यावर खडा कधी कधी आपोआप पडतो. न पडल्यास चाक काढून तो काढावा आणि शील्ड दोन-तीन मिलिमीटर मागे वाकवावे. चाक काढलेच आहे तर ब्रेक पॅडची जाडीही पाहून घ्यावी.

वेगाबरोबर वाढणारी आणि स्टिअरिंग हलकेच वळवताच बदलणारी घरघर असेल, तर ती बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते, आणि हाच दोष सर्वांत गंभीरपणे घ्यावा. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, त्यामुळे तेव्हा आवाज वाढला तर डावे बेअरिंग संशयित ठरते. ही खूण नेहमीच अचूक नसते, म्हणून हाताने खात्री करावी. गाडी घरंगळू नये म्हणून जमिनीवरच्या चाकांना उटी (अडसर) लावून तपासायचे चाक जॅकने उचलावे आणि जॅक स्टँडवर टेकवावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नये. चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर सहकाऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे: खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगमध्ये, तसाच राहिला तर बॉल जॉइंटमध्ये (सस्पेन्शनच्या गोल सांध्यात) आहे. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवावे आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगचा खरबरीतपणा स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट कळतो, मग कानाला काही ऐकू येवो वा न येवो.

बेअरिंग हबसह (चाक ज्यावर बसते त्या भागासह) मिळत असेल तर बोल्ट काढून ते घरी बदलता येते; दाबून बसवायचे असेल तर प्रेस लागते आणि हातोड्याने ठोकल्यास नवे बेअरिंगही लगेच खराब होते. एबीएससाठी (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी) चुंबकीय कडे असलेले बेअरिंग उलटे बसले तर सेन्सरला वेग कळत नाही, म्हणून ती बाजू आधी ओळखून ठेवावी. हबचा नट नवा वापरून पुस्तिकेतील मापाप्रमाणे टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावा, आणि चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटर चालवल्यानंतर पुन्हा तपासावेत.