ऑप्टिकल केबलवर आवाज नीट येत नाही? आधी टीव्हीचा मेनू उघडा

टीव्हीचा आवाज स्पीकरच्या संचापर्यंत नेणारी ऑप्टिकल केबल सोन्याचा मुलामा दिलेली घेऊ नका. या केबलमधून वीज जात नाही, जातो तो लाल प्रकाश, तोही जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या तंतूतून. तोशिबानं १९८३ मध्ये ही जोडणी आणली, तेव्हापासून हे असंच आहे. साधी केबल घ्या, लागेल तेवढ्याच लांबीची.

दोन्ही टोकांची टोपणं काढा, प्लगचा आकार खाचेशी जुळवा, टक् होईपर्यंत दाबा. केबलला घडी पडू देऊ नका.

आता खरी अडचण. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुटसाठी पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज), बिटस्ट्रीम (दाबलेला, पुढच्या यंत्रानं उलगडायचा आवाज) किंवा ऑटो असे पर्याय असतात. पाच स्पीकर आणि सबवूफरचा संच पहिल्यांदा लावला, तेव्हा मागच्या स्पीकरमधून काहीच येईना. मी दोन केबली बदलल्या, रिसीव्हर (आवाज उलगडून स्पीकरना देणारं यंत्र) उघडायच्या बेतात होतो. दोष एवढाच की टीव्ही पीसीएमवर होता. ऑप्टिकलमधून पीसीएम दोनच चॅनलचं जातं. पाच अधिक एक हवे असतील तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या रूपात दाबलेला आवाज पाठवावा लागतो, म्हणजे बिटस्ट्रीम.

उलट, दोन स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला साधा डॅक (डिजिटल आवाजाचं अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर करणारी डबी) जोडला असेल तर पीसीएमच ठेवा. डॅकला डॉल्बी उलगडता येत नाही. बिटस्ट्रीम दिलं की तो गप्प बसतो किंवा कर्कश खरखर करतो. ती खरखर स्पीकरला घातक ठरू शकते, म्हणून सेटिंग बदलताना आवाज अगदी खाली ठेवा. ‘ऑटो’वर मी विसंबत नाही.

बदल झाला की नाही हे कानांनी ठरवू नका, रिसीव्हरच्या पडद्यावर वाचा. तिथे डॉल्बी किंवा डीटीएस दिसायला हवं. तरीही पीसीएमच दिसत असेल तर प्लेअर टीव्हीला एचडीएमआयनं जोडलाय का पाहा: काही टीव्ही बाहेरून आलेला आवाज ऑप्टिकलवर दोनच चॅनलमध्ये पुढे देतात. अशा वेळी प्लेअरची ऑप्टिकल केबल थेट रिसीव्हरला लावा. डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या जास्त माहिती लागणाऱ्या आवाजाच्या प्रकारांची अपेक्षा मात्र ठेवू नका. ते या तारेत मावत नाहीत, त्यांना एचडीएमआयच लागतं.

‘केबल बदला, आवाज खुलेल’ हा सल्ला ऐकला की मला राग येतो. प्रकाश कमी पडला तर आवाज मंद होत नाही. तो तुटतो, टकटकतो किंवा बंद पडतो. तसं झालं तरच केबल बदला.

आवाज ओठांच्या मागेपुढे वाटला तर ऑडिओ डिलेची सेटिंग हलवा, आणि बातमीदार बोलत असताना जुळवा, गाणं चालू असताना नाही.