चायनीज खाऊ पहिल्यांदा चाखायला देताय? सुरुवात काळ्या अंड्याने करू नका

सेंच्युरी एग, कोंबडीचे पाय, स्टिंकी टोफू. कोणी अमेरिकन किंवा ब्रिटिश माणूस कॅमेऱ्यासमोर चायनीज खाऊ चाखायला बसला की बहुतेक वेळा हेच तीन पदार्थ, मग नाक दाबणं, थुंकणं, संपला व्हिडिओ. मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण कोणाच्या तरी लहानपणीचा खाऊ असा डेअर म्हणून तोंडात टाकला तर त्याची चव कळणार कशी? इथे इंग्लंडमध्ये ऑफिसातल्या लोकांना मी आणि माझ्या एका चायनीज मैत्रिणीने हे सगळं बऱ्याचदा खाऊ घातलंय, त्यातून जे कळलं ते सांगते.

सुरुवात हॉ फ्लेक्सने करा. शानझा नावाच्या फळाच्या आंबटगोड गुलाबी चकत्या, नाण्यांसारख्या गुंडाळलेल्या, आपल्या माणसाला तर आवळाच आठवेल. सोबत शांघायची व्हाइट रॅबिट ही दुधाची गोळी ठेवा, पण तिच्या आतला पातळ कागद खायचा असतो हे आधीच सांगा, नाहीतर लोक तो नखाने खरवडत बसतात. (गोळीत जिलेटिन असतं, शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा.)

मग हुआमेई, म्हणजे मीठ, साखर आणि ज्येष्ठमध लावून सुकवलेलं प्लम. इथे इंग्लिश लोकांचा चेहरा पहिल्यांदा बदलतो. प्लम म्हटलं की ते गोडाच्या तयारीत असतात आणि जिभेवर येतं मीठ. डच किंवा फिनिश कोणी असेल तर त्याला सोपं जातं, त्यांच्याकडे खारट लिकोरिस, म्हणजे ज्येष्ठमधाच्या गोळ्या, आवडीने खातात. बाकीच्यांना सांगा की चावू नका, गालात धरून हळूहळू चोखा.

तिखटात लातियाओ आणा, गव्हाच्या पिठाच्या तेलकट, चिवट पट्ट्या. हुनानमधल्या पिंगजियांगला आधी सोयाबीनचे तिखट पदार्थ बनायचे, १९९८ च्या पुरानंतर सोयाबीन महागलं म्हणून तिथल्या लोकांनी गहू वापरून बघितला आणि त्यातून हे आलं. माला, म्हणजे तिखट आणि जीभ झिणझिणवणाऱ्या मसाल्याचे, शेंगदाणे देणार असाल तर जीभ बधिर होणार हे आधी सांगाच, आमच्याकडे एकाला ॲलर्जी आली असं वाटून तो घाबरला होता. तो सिचुआन मिरीचा गुण. कोकणातली मंडळी बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ घालतात ते तिचंच भावंड आहे.

आता कोंबडीचे पाय. इथे अडचण चवीची नसतेच! पाश्चात्य लोकांना चिकन म्हणजे बिनहाडाचं, मऊ मांस हवं असतं आणि तोंडात घातलेलं परत बाहेर काढणं त्यांच्याकडे असभ्य समजतात, आणि हा पदार्थ तर पूर्ण त्यावरच उभा आहे, कातडी, कुर्चा, बारीक हाडं. चायनीजमध्ये तोंडाला लागणाऱ्या पोताला कोउगान असा शब्दच आहे, कुरकुरीत, लिबलिबीत, चिवट ह्यातच अर्धी मजा. आपल्यातल्या ज्यांनी मटणाची नळी चोखलीय त्यांना हे समजवावं लागत नाही. पाकिटातले मिरचीच्या आंबट पाण्यातले थंडगार पाय पहिल्यांदा नकोच, डिमसममध्ये (चायनीज वाफवलेल्या छोट्या पदार्थांमध्ये) मिळणारे काळ्या बीन्सच्या सॉसमधले गरम द्या, ते आधी तळून मग वाफवलेले असतात त्यामुळे कातडी सहज सुटते. एक पेर तोंडात धरायचं, जिभेने आणि दातांनी कातडी सोडवायची, हाड वाटीत टाकायचं. प्रत्येकापुढे रिकामी वाटी ठेवा आणि पहिलं हाड तुम्ही स्वतः टाका, मग बाकीच्यांचा संकोच जातो. हे मी अगदी खात्रीने सांगते.

काळं अंडं म्हणजे पीदान, तेच ते सेंच्युरी एग. २०११ मध्ये सीएनएनच्या साइटवर ते जगातल्या सगळ्यात किळसवाण्या पदार्थांमध्ये आलं होतं, चीनमधून इतका विरोध झाला की त्यांना माफी मागावी लागली. शंभर वर्षं वगैरे काही नाही हो, बदकाचं अंडं चुना, राख, मीठ, चहा अशा मिश्रणात काही आठवडे ते काही महिने ठेवतात, त्या क्षाराने पांढऱ्याची तपकिरी जेली होते आणि बलक हिरवट, लोण्यासारखा. सोलून धुवा, दोऱ्याने चार फोडी करा (सुरीला बलक चिकटतो) आणि थोडा वेळ उघड्यावर ठेवा, अमोनियाचा वास बराच कमी होतो. वरून व्हिनेगर, सोया सॉस, किसलेलं आलं. व्हिनेगर विसरू नका, क्षाराचा उग्रपणा त्यानेच मोडतो. अख्खं अंडं कोणाच्या हातात देऊ नका, मऊ टोफूवर छोटी फोड ठेवून द्या.

स्टिंकी टोफू सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो घराबाहेर तळा. आंबवलेल्या पाण्यात मुरवलेला असतो, वास खोलीभर होतो पण चव त्या मानाने खूपच सौम्य. गरम असतानाच लोणच्यातला कोबी आणि मिरचीचा सॉस घालून द्यायचा. आमच्याकडे त्याच टेबलावर मी स्टिल्टन हे उग्र वासाचं इंग्लिश चीज पण ठेवते. टोफूला नाक मुरडणारे हे चीज आरामात खातात आणि माझ्या मैत्रिणीला मात्र त्याचा वासही सहन होत नाही, मग दोघं एकमेकांच्या ताटातलं एकेक घास खाऊन बघतात.